घरून अकाउंट्सचं काम करतेय, पण शिकत काहीच नाहीये, कुठला कोर्स करू?

तुझा प्रश्न दोनदा वाचला. तू म्हणतेस की बी.कॉम. करून चौदा महिने झाले, एका फर्मचं अकाउंट्स आणि जीएसटीचं काम घरूनच करतेस, काम वेळेवर जातं, कुणाची तक्रार नाही, पण तुझ्याबरोबरच लागलेली जी मुलगी ऑफिसात बसते ती आता बॅलन्सशीट करायला लागली आणि तू अजून एन्ट्र्याच मारते आहेस, तर कुठला कोर्स करावा आणि रात्रीचा केला तर झेपेल का. मी इंदूरचीच, हेच काम पंचवीस वर्षं करतेय. पहिली चौदा सियागंज बाजाराजवळच्या एका ऑफिसात बसून केलं आणि २०१४ पासून घरून, सुदामा नगरला. आता अकरा व्यापाऱ्यांची खाती माझ्याकडे आहेत, दोन मुली माझ्याबरोबर काम करतात, एक इथे राजेंद्र नगरला आणि एक देवासला, त्याही आपापल्या घरून. वयाने तू माझ्या मुलीएवढी असशील म्हणून तूच म्हणते, राग मानू नकोस.

तुझ्या प्रश्नात कोर्स हा शब्द चार वेळा आलाय, आणि कुणाला काही विचारल्याचा उल्लेख एकदाही नाही. माझ्या मते खरी अडचण तिथे आहे. घरी बसून शिकणं थांबतं ते वेळ नाही किंवा कोर्स नाही म्हणून नाही गं, ते थांबतं कारण कानावर काही पडत नाही, आणि आपण अडलोय हेही कुणाच्या कानावर जात नाही.

माझ्या पहिल्या वर्षातली गोष्ट सांगते. एका पार्टीची, म्हणजे ज्याची खाती आम्ही लिहायचो त्या व्यापाऱ्याची, वही आणि बँक जुळत नव्हती, १८० रुपयांचा फरक, दुपारचे तीन वाजलेले, डबा तसाच पडलेला आणि मी सकाळपासून तीच पानं उलटतेय. आमच्याकडे एक म्हातारे मुनीमजी होते, ते दुसऱ्याच कुणाचं खातं बघत होते, मान वर न करता म्हणाले, "बाई, फर्क को नौ से काट के देखो." १८० भागिले ९, बरोबर २०, बाकी काही उरत नाही. मग म्हणाले आता कुठेतरी आकडे उलटे लिहिलेत ते शोध. दहा मिनिटांत सापडलं, ८,६४० चा चेक मी ८,४६० लिहिला होता. ६ शेकड्याच्या घरातून दशकात गेला की ५४० कमी होतात, ४ दशकातून शेकड्यात आला की ३६० वाढतात, राहिले १८०. शेजारचे दोन आकडे आपापसात बदलले की फरकाला नऊने भाग जातोच. भाग नाही गेला तर फरकाचं निम्मं करायचं आणि ती रक्कम शोधायची, ती बहुतेक नावेऐवजी जमेला पडलेली असते. दर वेळी कारण हेच निघतं असं नाही, पण शोधायला सुरुवात कुठून करायची ते कळतं. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रायल, म्हणजे नावे आणि जमेची बेरीज, आपोआप जुळते, तरी बँक आणि पार्टीचं खातं जुळवताना मला हे आजही लागतं.

आता बघ, हे मला कुणी शिकवायला बसलं नव्हतं. मी उसासे टाकून राहिले होते ते त्यांनी ऐकलं, एवढंच. घरी माझे उसासे कोण ऐकणार? सासूबाई ऐकायच्या, चहा करून द्यायच्या, पण नऊने भाग घाल हे त्या कुठून सांगणार.

दुसरं उदाहरण मोठं आहे आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला त्यातच मिळालं. १ एप्रिल २००६ ला मध्य प्रदेशात व्हॅट लागू झाला तेव्हा मी ऑफिसात होते. सगळंच नवं, इनपुट टॅक्स रिबेट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, हा शब्दसुद्धा तोवर कानावरून गेलेला नव्हता. सहा जण होतो, रोज भांडायचो, एक म्हणे असं तर दुसरा म्हणे तसं, समोरच्या दुकानाचा मुनीम चहाला आला तरी तोच विषय, आणि दोन-तीन महिन्यांत कायदा अंगवळणी पडला. मी तेव्हा वेगळा अभ्यास असा एक तासही केलेला आठवत नाही. मग १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा मी घरी, एकटी. पहाटे उठून वाचायचे, व्हिडिओ बघायचे, वह्या भरल्या, मेहनत व्हॅटच्या वेळेपेक्षा चौपट केली. आणि तरी चुकले.

चूक अशी झाली. ट्रान्सपोर्टवाल्याला आपण जे भाडं देतो त्यावरचा ५ टक्के कर आपल्या व्यापाऱ्याने स्वतः भरायचा, रिव्हर्स चार्ज, ज्याला सगळे आरसीएम म्हणतात. तेव्हा अनरजिस्टर्ड लोकांकडून घेतलेल्या मालावरही आरसीएम होतं. १३ ऑक्टोबर २०१७ ला हे दुसरं स्थगित झालं. मी एका व्हिडिओत 'आरसीएम थांबलं' एवढं ऐकलं आणि भाड्यावरचंही थांबवलं. जीएसटी कायद्यातली ती दोन वेगळी पोटकलमं, भाड्याचं ९(३) मधलं आणि अनरजिस्टर्डचं ९(४) मधलं, थांबलं होतं फक्त दुसरं. आठ महिने माझ्या एका किराणा व्यापाऱ्याच्या भाड्यावरचा कर भरलाच गेला नाही. महिन्याला चाळीस हजारांच्या आसपास भाडं, म्हणजे दोन हजार कर, आठ महिन्यांचे सोळा हजार आणि वर १८ टक्क्यांनी व्याज. कर क्रेडिटमध्ये परत मिळाला, व्याज कुठून मिळणार, ते हजाराच्या वर गेलं आणि मी माझ्या खिशातून भरलं. व्यापारी मला एक शब्द बोलले नाहीत, पण पुढचं वर्षभर प्रत्येक चलनाच्या आधी दोनदा विचारायचे, पक्कं ना? ते मला फार लागलं.

कळलं कसं ते ऐक. जुन्या ऑफिसातल्या मैत्रिणीचा मुलीच्या लग्नाचं सांगायला फोन आला, बोलता बोलता म्हणाली, "थांब गं, एवढं भाड्याचं आरसीएम टाकते आणि मग निवांत बोलू." माझ्या हातातला चहा हातातच राहिला. तिने मला काही सांगितलं नव्हतं, ती आपलं काम करत होती आणि ते माझ्या कानावर पडलं. आठ महिन्यांच्या माझ्या अभ्यासाने जे सापडलं नाही ते एका वाक्यात सापडलं.

तेव्हापासून मी आणि त्या मैत्रिणीने एक सुरू केलं आणि ते आजतागायत चालू आहे. १४ तारखेला पोर्टलवर २बी येतं, म्हणजे कुणी कुणी आपल्या नावाने बिलं चढवलीत त्याचं स्टेटमेंट, आणि २० ला ३बी, म्हणजे महिन्याच्या कराचं रिटर्न, भरायचं असतं. या मधल्या दिवसांत संध्याकाळी पाच ते सहा फोन लावून ठेवायचा, इअरफोन कानात, आणि आपापलं काम करायचं. गप्पा मारायला नाही, मीटिंग नाही, कुणी काही शिकवत नाही. पण काम करताना तोंडाने जे पुटपुटतो ते पुटपुटायचं, मनात ठेवायचं नाही. आता त्यात माझ्याबरोबर काम करणाऱ्या दोन्ही मुली पण असतात. मागे एकदा देवासची मुलगी पुटपुटली, "याचा जीएसटी नंबर २७ ने सुरू होतोय आणि बिलात सीजीएसटी-एसजीएसटी लावलाय." माल भिवंडीहून ट्रान्सपोर्टने इंदूरला आलेला, २७ म्हणजे महाराष्ट्र, आपलं मध्य प्रदेश २३, माल एका राज्यातून दुसऱ्यात आला की तिथे आयजीएसटी हवा. ती बोलली आणि राजेंद्र नगरच्या मुलीने लगेच आपल्या पार्टीची बिलं उघडली, तिच्याकडेही त्याच माणसाचं बिल, तीच चूक. मग त्यावरून निघालं की जीएसटी नंबरातलं सहावं अक्षरही बघत जा, पी असेल तर एकटा माणूस, एफ फर्म, सी कंपनी, कारण जॉबवर्कवाल्याचा, म्हणजे आपला माल घेऊन काम करून देणाऱ्याचा, टीडीएस (पैसे देतानाच कापायचा कर) १ टक्का कापायचा की २ ते त्यावर ठरतं. हे कुठल्या कोर्समध्ये नसतं असं नाही, असतं, पण तिथे ते चाळीस गोष्टींबरोबर येतं आणि वाहून जातं. इथे हातात बिल असताना आलं.

तू हे कर. तुझ्या फर्ममधली एक मुलगी धर, ती ऑफिसात बसणारी असली तर उत्तमच, तिच्याबद्दल मनात काही ठेवू नकोस. दुसऱ्या फर्मची मैत्रीण असेल तर मात्र पार्टीचं नाव आणि आकडे तोंडातून काढायचे नाहीत, नियम तेवढे बोलायचे, लोकांनी विश्वासाने दिलेली खाती आहेत ती.

दुसरी गोष्ट विचारण्याची. घरून काम करणाऱ्याला विचारायचा संकोच फार होतो, मला समजतं. ऑफिसात मान वळवून विचारलं जातं, घरून फोन लावावा लागतो, आणि फोन लावण्याएवढा हा प्रश्न मोठा आहे का असं वाटून तो राहून जातो, मग तसे पन्नास राहतात. मी यासाठी एक वही ठेवते, साधी लाल कापडी बांधणीची. डाव्या पानावर प्रश्न आणि तारीख, त्याखाली मला काय वाटतं ते. उजवं पान कोरं. उत्तर मिळालं की उजवीकडे, कुणाकडून मिळालं तेही लिहायचं. मला काय वाटतं ही ओळ सोडायची नाही, सगळी किंमत त्या ओळीची आहे. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले, १२ आणि २८ चे स्लॅब बहुतेक मालावरून गेले, तेव्हा राजेंद्र नगरच्या मुलीने लिहिलं होतं: माल २० ला गेला, बिल २० चं, पैसे ऑक्टोबरात येणार, दर कुठला? आणि खाली, मला वाटतं नवा, कारण पैसे नंतर आले. चुकीचं होतं. पण तिने ते लिहिलं म्हणून मला कळलं की ती पैशाच्या तारखेला धरून बसलीय. मग दोघींनी जीएसटी कायद्याचं कलम १४ उघडलं. तिथे तीन गोष्टी आहेत, माल, बिल आणि पैसे, यांतल्या दोन ज्या बाजूला पडतात तो दर, म्हणून इथे जुना. तिने नुसतं "दर कुठला" विचारलं असतं तर मी "जुना" म्हणून फोन ठेवला असता, आणि पुढचं बिल आलं की परत तोच फोन.

तुझ्या सरांना रोज पाच वेळा फोन करू नकोस, आठवड्याचे प्रश्न साठव आणि शनिवारी वीस मिनिटं माग. असं माग की सर माझे सहा प्रश्न आहेत, उत्तरं मी लिहून ठेवलीत, फक्त बरोबर का ते बघा. याला नाही म्हणणारा माणूस विरळा. आणि पाच-सात शनिवार झाले की म्हण, या वर्षी एका छोट्या पार्टीची बॅलन्सशीट मी पहिल्यापासून शेवटपर्यंत करते, तुम्ही तपासा. ती ऑफिसवाली पुढे गेली त्यात तिची हुशारी असेलच, पण ती सरांना रोज दिसते हेही आहे, हातात फाइल असली की समोर दिसेल त्याला देतात. तू दिसत नाहीस, म्हणून तुला मागावं लागेल. यात कमीपणा नाही.

कागद कुठे जन्माला येतो ते पण जाऊन बघ. महिन्यातून एकदा तरी कुठल्यातरी पार्टीच्या दुकानात किंवा गोदामात जा, फर्मची परवानगी घेऊन. मी घरून काम करायला लागल्यावर दोन वर्षं गेलेच नाही, सगळं व्हॉट्सॲपवर यायचं तर कशाला जा. एका व्यापाऱ्याच्या हळदीचा स्टॉक दर वर्षी कागदावर जास्त आणि गोदामात कमी. ते म्हणायचे सुकते, उंदीर खातात, मी लिहून घ्यायचे. मग एकदा सियागंजात गेले तर समोरच काट्यावर कट्टा, म्हणजे भरलेलं पोतं, चढवलेला, ५० किलोचा कट्टा आणि काटा दाखवतोय ५०.६००. मी विचारलं हे सहाशे ग्रॅम कसले, हमाल म्हणाला बारदाना, पोत्याचं वजन. आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. एका ठरावीक माणसाकडून येणारं बिल बारदान्यासकट वजनाचं होतं आणि आपली विक्री निव्वळ वजनाची. दर शंभर कट्ट्यांमागे साठ किलो हळद नुसती कागदावर शिल्लक राहत होती. टेबलाशी बसून मी हे आणखी दहा वर्षं शोधलं नसतं.

आता कोर्सचं. नाहीच करू असं नाही. तुझं नावे-जमा पक्कं नसेल, घसारा का टाकतात हे सांगता येत नसेल, तर आधी ते कर, आणि त्याला महागडा कोर्सही लागत नाही, बी.कॉम.चीच पुस्तकं परत काढ. पक्कं असेल तर पैसे थांबव. रात्री तर नकोच. मी रात्री वाचून बघितलंय, दिवसभर स्क्रीन बघून डोळे शिणलेले असतात आणि दुसऱ्या दिवशी आठवत काही नाही. माझा वाचायचा वेळ सकाळी साडेसहा ते सव्वासात, आणि तोही महिनाभर नाही. ७ ला टीडीएस, ११ ला जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं रिटर्न, तिमाहीवाल्यांचं १३ ला, मग २० ला ३बी, आणि तिमाही संपली की तिमाहीवाल्यांचं आपल्याकडे २२ ला. या तारखांच्या मध्ये नवीन काही डोक्यात शिरत नाही, स्वतःला दोष देऊ नकोस. २२ पासून महिनाअखेरपर्यंतचे आठ दिवस खरे आपले. त्या दिवसांत व्हिडिओ कमी आणि मूळ कलम जास्त वाच. भाषा जड आहे, एका पानाला अर्धा तास लागतो, लागू दे. माझं आरसीएमचं चुकलं ते मूळ न वाचता कुणाचं तरी ऐकून गेले म्हणूनच. कानावर पडलं की शोध सुरू होतो, खात्री कायद्याच्या पुस्तकातच करायची.

घरच्यांचं तू एका ओळीत लिहिलंयस, "घरीच आहेस ना म्हणून सगळे हाक मारतात." यावर माझ्याकडे फार मोठा उपाय नाही. मी घरच्यांना तारखा सांगितल्या. स्वयंपाकघरात कॅलेंडरवर ११ आणि २० ला लाल गोल असतो, त्या दोन दिवसांत गॅस सिलेंडरवाला, पाहुणे, बँक काही माझ्याकडे नाही. रोज मला डिस्टर्ब करू नका म्हणण्यापेक्षा हे घरच्यांना पटतं, कारण बाकीचे दिवस मी आहेच. लहान मूल असेल किंवा घरात कुणी आजारी असेल तर हे गणित वेगळं होतं, माझे सासरे अंथरुणावर होते त्या वर्षी मी दोन पार्ट्या सोडल्या आणि शिकणं वगैरे सगळं बाजूला ठेवलं, ते बरोबरच होतं असं आजही वाटतं.

शेवटी एक स्पष्ट सांगते, आवडणार नाही कदाचित. या कामातली पहिली दोन वर्षं शक्यतो ऑफिसात बसून काढावीत. मी घरून एकटीने निभावून नेलं कारण माझ्यामागे चौदा वर्षांचं ऐकलेलं होतं. तुझ्यामागे चौदा महिने आहेत आणि तेही घरचेच. घरून काम करणं तुझी गरज आहे की सोय आहे हे तू लिहिलं नाहीस, आणि पुढचं त्यावर आहे. गरज असेल तर वर सांगितलं ते कर, हळूहळू होईल पण होईल. नुसती सोय असेल, विजय नगरपर्यंतची ट्रॅफिक नको म्हणून असेल, तर आठवड्यातले तीन दिवस तरी जाऊन बस, विशेषतः १४ ते २० मध्ये. आणि सर शनिवारची वीस मिनिटंही द्यायला तयार नसतील, सहा महिने विचारूनही बॅलन्सशीट हातात देत नसतील, तर ती फर्म तुला फक्त टाइपिंगला ठेवतेय, दुसरी बघ. पगार हजार-दोन हजार कमी असला तरी बघ.

सुरुवात या १४ तारखेला कर. २बी आलं की कुठलीही एक छोटी पार्टी घे, जी बिलं आपल्याकडे आहेत पण त्यात नाहीत ती बाजूला काढ आणि प्रत्येकासमोर का नसेल ते स्वतःच्या अंदाजाने लिही, समोरच्याने भरलंच नाही, नंबर चुकलाय, पुढच्या महिन्यात टाकलंय, जे वाटेल ते. मग एकेकाला फोन करून विचार. ती यादी पार्टीचं नाव काढून इथे टाकलीस तर मी बघते, २२ नंतर मी मोकळी असते.